स्लाऊचा ब्रेंट, स्क्रँटनचा मायकेल: ब्रिटिश आणि अमेरिकन विनोद नेमके कुठे वेगळे होतात?

सुरंगी

‘ब्रिटिश विनोद सूक्ष्म, अमेरिकन विनोद ढोबळ’ हे आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की ते तपासून बघायच्या फंदात कुणी पडत नाही. दोन्हीकडच्या मालिका मी वर्षानुवर्षं जीव लावून बघते आहे आणि मला हे मुळातच पटत नाही. फरक आहे, चांगला मोठा आहे. पण तो दिसतो तो हरलेल्या माणसाचं पुढे काय करायचं यात. आणि त्याचं बरंचसं मूळ मालिका कशा लिहिल्या जातात आणि त्यांचे पैसे कोण भरतं यात आहे, असं माझं ठाम मत झालंय. इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून सविस्तर मांडते.

‘द ऑफिस’ घ्या. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी ती लिहिली, 2001 मध्ये बीबीसीवर आली. लंडनजवळच्या स्लाऊमधली कागद विकणारी कंपनी, आणि आपण फार विनोदी, फार लाडके साहेब आहोत असं समजणारा मॅनेजर डेव्हिड ब्रेंट. सहा-सहा भागांचे दोन सीझन आणि 2003 च्या नाताळात दोन भागांचा शेवट. एकूण 14 भाग, की संपलं. 2005 मध्ये ग्रेग डॅनियल्सने तीच कल्पना अमेरिकेत एनबीसीवर आणली. गाव पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन, मॅनेजर मायकेल स्कॉट. ती नऊ सीझन चालली, 2013 मध्ये संपली आणि भागांची संख्या 200 च्या आसपास गेली.

अमेरिकेचा पहिला भाग जवळपास ब्रिटिश भागाची नक्कल आहे. रिसेप्शनवरच्या मुलीला गंमत म्हणून ‘तुला चोरीसाठी कामावरून काढतोय’ असं सांगणं, तिचं रडणं, सगळं तेच. पण दुसऱ्या सीझनपासून मायकेल बदलला. माणूस तसाच आगाऊ, तसाच नको तिथे तोंड घालणारा, पण आता तो मधूनच चांगला सेल्समन निघतो, लहान मुलांशी छान वागतो, आणि त्याला मित्र हवेत हे आपल्याला कळतं. ब्रेंटला ही सवलत फार उशिरा मिळते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याची नोकरी जाते आणि तो, कॅमेऱ्याचं भान सुटून, वरिष्ठांपुढे ‘मला काढू नका’ म्हणून गयावया करतो. तिथे हसायला जागाच ठेवलेली नाही. मी तो प्रसंग आजही डोळे खाली घालून बघते.

आता एक जोडी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे रिसेप्शनवरच्या मुलीला चित्रकार व्हायचंय: तिकडे डॉन, इकडे पॅम.

अमेरिकेत तिसऱ्या सीझनमध्ये पॅमच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन लागतं. ऑफिसातलं फारसं कुणी फिरकत नाही. जो सहकारी येतो, तो आपल्या जोडीदारासोबत चित्रांना नावं ठेवतो आणि ते तिच्या कानावर पडतं. ती चित्रं उतरवायला लागते तेवढ्यात मायकेल धापा टाकत येतो. चित्रांकडे खरोखर थक्क होऊन बघतो, ऑफिसच्या इमारतीचं चित्र विकत मागतो आणि मला तुझा फार अभिमान वाटतो म्हणतो. पॅम त्याला मिठी मारते. डोळ्यांत पाणी यायच्या आत त्याच्या खिशातलं चॉकलेट तिला टोचतं आणि आपण हसतो. हे लिहिणं सोपं नाही, आणि याला ढोबळ म्हणणाऱ्याने तो भाग पुन्हा बघावा.

ब्रिटिश मालिकेत डॉनचा होणारा नवरा तिच्या चित्रकलेला किंमत देत नाही. चौदा भाग हेच चालतं. अगदी शेवटी नाताळच्या पार्टीतून ती त्याच्याबरोबर टॅक्सीत बसून निघते, तिथे तिच्यावर जीव असलेल्या टिम या सहकाऱ्याने गुपचूप दिलेली भेट उघडते. रंगांची पेटी. सोबत तिनेच काढलेलं टिमचं चित्र आणि हार मानू नकोस अशा अर्थाचे तीनच शब्द. ती पार्टीत परत येते. बस.

दोन्हीकडे चित्रकलेचीच गोष्ट, दोन्हीकडे कुणीतरी ‘तुझ्यात काहीतरी आहे’ म्हणतं. अमेरिकेत ही ऊब दर दोन-तीन भागांत मिळते, ब्रिटनमध्ये शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत राखून ठेवली जाते. का?

माझ्या मते कारण असं. बीबीसी लायसन्स फीवर, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांनी दरवर्षी भरलेल्या पैशावर चालते, मध्ये जाहिराती नाहीत, अर्ध्या तासाचा भाग जवळपास पूर्ण अर्धा तास असतो, आणि एक-दोन लेखक सहा भाग लिहून थांबू शकतात. अमेरिकन नेटवर्कवर वर्षाला 22 ते 24 भाग, प्रत्येक साधारण 22 मिनिटांचा, बाकी जाहिराती. लिहायला आठ-दहा जणांची खोली. शिवाय साधारण शंभर भाग झाले की मालिका स्थानिक वाहिन्यांना पुन्हा दाखवायला विकता येते, खरा पैसा तिथे. ज्या माणसाला वर्षानुवर्षं दर आठवड्याला घरात घ्यायचं, तो नुसता असह्य असून चालत नाही. ब्रेंट 200 भाग कुणाला सोसेल?

तुमची मतं वाचायला खरंच आवडतील, विशेषतः दोन्हीकडे राहिलेल्यांची.

---

टेम्सकाठी

सुरंगीताई, उत्तम धागा. मी रेडिंगला राहतो, स्लाऊ इथून ट्रेनने अगदी जवळ. पैशाचा मुद्दा मान्य, पण तेवढ्याने भागत नाही. इथल्या विनोदाचा कणा म्हणजे वर्ग. कोण कुठल्या शाळेत गेला, बोलण्याची ढब कुठली, हे पहिल्या वाक्यात कळतं आणि माणूस आयुष्यभर त्याच पायरीवर अडकतो. विनोद त्या अडकण्याचा असतो.

‘डॅड्स आर्मी’ पाहा, 1968 ते 1977. दुसरं महायुद्ध, किनाऱ्यावरचं छोटं गाव, सैन्यात न घेतलेल्या म्हाताऱ्या-पोरांची तुकडी. कॅप्टन मेनवेअरिंग हा बँक मॅनेजर, स्वतःच्या कष्टाने वर आलेला. त्याचा सार्जंट विल्सन बँकेतही त्याच्या हाताखाली, पण जन्माने उच्चकुलीन. एका भागात विल्सनच्या घराण्यात कुणीतरी वारतं, त्याला ‘ऑनरेबल’ लावायचा मान मिळतो आणि ज्या गोल्फ क्लबात शिरायला मेनवेअरिंग वर्षानुवर्षं धडपडतोय, तिथून विल्सनला आपणहून बोलावणं येतं. मेनवेअरिंगचा तेव्हाचा चेहरा! हसू येतं आणि त्या माणसासाठी वाईटही वाटतं. हुद्दा त्याचा मोठा, पण दार दुसऱ्यासाठी उघडतं. 1976 मध्ये अमेरिकेने याचा पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, केला होता, पुढे मालिका झालीच नाही. मला त्यात नवल वाटत नाही.

ऑफिसातही हे दिसतं. इथे निरोपसमारंभाच्या भाषणात जाणाऱ्याची यथेच्छ टिंगल करतात, त्याच्या जुन्या फजित्या उकरून काढतात. ज्याच्याविषयी नुसतं गोड बोललं जातं, त्याच्याशी फारसं कुणाचं जमत नव्हतं असं समजायचं. आपल्या नव्याने आलेल्या मुलांना याचा धक्का बसतो. त्यांना सांगावं लागतं, बाबा रे, तुझी चेष्टा करायला लागले म्हणजे तुला आपलं मानलं.

---

जर्सी_मराठी

आमच्याकडे निरोपाच्या भाषणात बॉसचा गळा दाटून येतो आणि ते नाटकी नसतं. :) पण ‘अमेरिकन म्हणजे ऊबदार’ हे मला पूर्ण मान्य नाही.

‘साइनफेल्ड’ (1989 ते 1998) एनबीसीवरच चालली, जाहिरातींसकट, 180 भाग. मालिकेच्या दोन कर्त्यांपैकी एक असलेल्या लॅरी डेव्हिडचा तिथला नियमच होता की कुणी मिठ्या मारायच्या नाहीत आणि कुणी काही शिकायचं नाही. शेवटच्या भागात चारही मुख्य पात्रांवर खटला चालतो आणि ते तुरुंगात जातात, तेही लोकांच्या अडचणीत मजा बघितल्याबद्दल. याहून निष्ठुर शेवट कुठला?

पण सुरंगी, तुझ्या पैशाच्या मुद्द्याला माझ्याकडे एक भक्कम पुरावाही आहे. अरमांडो इयानुची. त्याने बीबीसीसाठी ‘द थिक ऑफ इट’ केली, 2005 पासून, मंत्री आणि त्यांच्या प्रसिद्धीवाल्यांवर. मग अमेरिकेत येऊन 2012 मध्ये ‘वीप’ सुरू केली, उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर. ‘वीप’ किंचितही मऊ नाही. एकाही पात्राला दयामाया दाखवलेली नाही, शिव्यांचा तर कळस. सात सीझन चालली, आणि प्रेक्षक अमेरिकनच. हे जमलं कारण ती एचबीओवर होती. वर्गणीवर चालणारी वाहिनी, जाहिरातदाराची मर्जी सांभाळायची नाही. लॅरी डेव्हिडची पुढची मालिकाही एचबीओवरच. म्हणजे अमेरिकन माणसाला बोचरं आवडत नाही हे खोटं, साबणवाल्या कंपनीला आवडत नाही हे खरं.

---

अनवट

‘वीप’चं नाव निघालं म्हणून. ‘येस मिनिस्टर’ (1980) भारतात इतकी आपली का वाटते आणि अमेरिकेत तशी मालिका का होऊ शकत नाही, याचं उत्तर मला प्रशासनाच्या रचनेत सापडतं.

सर हम्फ्री हा कायमचा सचिव. मंत्री येतात, जातात, तो खुर्चीवर तसाच. सरकार कुणाचंही असो, फाइल त्याच्याकडूनच जाणार. आपल्याकडे आयसीएसमधून आयएएस आली, तीच चौकट. म्हणून 2001 मध्ये स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ आली तेव्हा फारसा पाया बदलावा लागला नाही. फारूक शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. सचिव नम्रपणे ‘जी’ म्हणतो आणि होतं त्याला हवं तेच, हे मंत्रालयाची पायरी चढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला की वरच्या सुमारे 4,000 राजकीय नेमणुका बदलतात. वर्षानुवर्षं चिवटपणे बसून राहणारा हम्फ्री तिथे त्या जागेवर नसतोच. ‘वीप’मधली माणसं उपराष्ट्राध्यक्ष सेलिनाच्या भोवती घुटमळतात कारण ती बुडाली तर ती सगळी बुडणार. त्यामुळे ब्रिटिश राजकीय विनोद काही न घडण्यातून येतो आणि अमेरिकन विनोद धावपळीतून. तिथे प्रत्येक दृश्यात कुणीतरी कॉरिडॉरमधून पळत असतं.

---

वृंदा७१

मी इथे सहसा फक्त वाचते, पण हा विषय माझ्या जवळचा आहे. सत्तरच्या दशकात आम्ही लंडनला होतो. तेव्हा घराघरांत ‘टिल डेथ अस डू पार्ट’ बघितली जायची. ईस्ट एंडमधला आल्फ गार्नेट, राणीचा भक्त, बाहेरून आलेल्यांचा द्वेष्टा. लेखक जॉनी स्पाइटचा हेतू त्याला उघडा पाडायचा होता. पण दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणी आल्फची वाक्यं आम्हालाच ऐकवली जायची, हसत हसत. त्यांच्या लेखी आल्फ खरं बोलणारा माणूस होता. ते हसणं मी विसरलेले नाही, आणि ‘विनोद आहे, मनावर घेऊ नका’ हे वाक्य मला अजून सहन होत नाही.

निर्माता नॉर्मन लिअरने यावरूनच अमेरिकेत ‘ऑल इन द फॅमिली’ काढली (1971 ते 1979). आल्फचा आर्ची बंकर झाला. तिथेही काही लोक आर्चीला डोक्यावर घेत होतेच. पण लिअरने एक गोष्ट केली जी मला फार मोलाची वाटते: आर्चीच्या शेजारी जेफरसन हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आणलं. त्यांचा मुलगा लायनेल आर्चीच्या तोंडावर त्याची फिरकी घेतो आणि आर्चीला पत्ता लागत नाही. ज्याच्यावर विनोद व्हायचा, त्याच्या हातात विनोद दिला. त्या कुटुंबाला 1975 मध्ये स्वतःची मालिका मिळाली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘माइंड युवर लँग्वेज’ आली. आपल्याकडे लोक ती अजून प्रेमाने बघतात. मी बघू शकत नाही. वर्गात बसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांकडे हसवायला स्वतःचं असं काहीच दिलेलं नाही, फक्त त्यांचे चुकीचे उच्चार.

सुरंगी, तुझ्या ‘हरलेल्या माणसा’साठी एक उदाहरण देते. ‘स्टेप्टो अँड सन’ची सुरुवात, जानेवारी 1962. भंगारवाले बाप-लेक, शेफर्ड्स बुशला. मुलगा हॅरल्ड चाळिशीकडे झुकलेला, वाचन करणारा, या घाणीतून बाहेर पडायची स्वप्नं बघणारा. एके दिवशी ठरवतो, आता पुरे. सगळं सामान गाडीवर चढवतो. बाप घोडा देत नाही. मग हा स्वतःच गाडी ओढायला लागतो. जोर लावतो, पुन्हा लावतो, गाडी तसूभर हलत नाही. शेवटी रडतो. आणि बाप येऊन, अगदी मायेने, त्याला घरात घेऊन जातो. विनोदी मालिकेची ही सुरुवात! गॅल्टन आणि सिम्प्सन या लेखकांनी मुद्दाम विनोदी नटांऐवजी नाटकातले गंभीर नट घेतले होते.

अमेरिकेत याची ‘सॅनफोर्ड अँड सन’ झाली, 1972 मध्ये, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या कृष्णवर्णीय बाप-लेकांवर. रेड फॉक्स हा बाप. काही मनाविरुद्ध झालं की छाती धरून मागे झुकायचा आणि स्वर्गवासी बायकोला ‘आलोच मी तुझ्याकडे’ म्हणून सांगायचा. खळखळून हसवणारी मालिका, पण हॅरल्डची ती न हलणारी गाडी तिथे नाही.

---

सुरंगी

वृंदाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लायनेलच्या हातात विनोद देण्याचा मुद्दा मला नवा होता आणि तो माझ्या मांडणीत बसत नाही, याचा मला आनंदच आहे. हा निर्णय पैशाने झाला नाही, एका माणसाने ठरवला म्हणून झाला.

टेम्सकाठी, वर्ग आणि पैसा मला एकमेकांना धरून चालताना दिसतात. ‘फॉल्टी टॉवर्स’चं बघा. टॉर्कीमधलं हॉटेल, मालक बेसिल, गिऱ्हाइकाचा तिरस्कार आणि मोठ्या माणसांपुढे लाळघोटेपणा. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी 1975 मध्ये सहा आणि 1979 मध्ये सहा असे बाराच भाग लिहिले. अमेरिकेने तीनदा प्रयत्न केला. 1983 च्या प्रयत्नात तर बेसिलच काढून टाकला आणि मालकीण म्हणून बी आर्थरला घेतलं. काही महिन्यांत बंद. स्वतःच्या पायरीवर चिडलेला माणूस काढला की उरतं नुसतं हॉटेल. पण चार्ल्स बंधू आणि जेम्स बरोज यांच्या ‘चिअर्स’मागे ‘फॉल्टी टॉवर्स’चीच प्रेरणा होती. त्यांनी नक्कल केली नाही, हॉटेल सोडून बॉस्टनमधला बार घेतला, जिथे आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने ओळखतात. 1982 पासून 11 वर्षं चालली. घ्यायचं कसं, ते यांना कळलं होतं.

---

जर्सी_मराठी

हसण्याच्या आवाजाविषयी कुणीच बोललं नाही. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची ‘मॅश’ (1972 ते 1983) सीबीएसवर दाखवताना वाहिनीने मागून हसण्याचा आवाज घालायला लावला होता. निर्मात्यांनी झगडून एवढंच मिळवलं की शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो नसेल. बीबीसीने तीच मालिका दाखवली तेव्हा हसणं काढूनच टाकलं. ज्यांना शक्य आहे त्यांनी एक भाग दोन्ही प्रकारे बघा. आवाजासह मुख्य पात्र हॉकाय टवाळ वाटतो, आवाजाशिवाय तो कोसळू नये म्हणून बोलत सुटलेला डॉक्टर वाटतो. संवाद तेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

---

टेम्सकाठी

हे फार महत्त्वाचं आहे. मग ‘मॅश’ आणि ‘ब्लॅकॲडर’ यांचे शेवट शेजारी ठेवायलाच हवेत. ‘ब्लॅकॲडर’चा शेवटचा भाग 2 नोव्हेंबर 1989 चा. पहिलं महायुद्ध, खंदक. पूर्ण सीझनभर ब्लॅकॲडर हल्ल्यातून सुटायच्या युक्त्या करतो आणि शेवटी एकही चालत नाही. शिटी वाजते, सगळे वर चढतात, चित्र मंदावतं आणि त्या जागी खसखशीच्या लाल फुलांचं शेत दिसतं. कुणी वाचत नाही.

---

जर्सी_मराठी

‘मॅश’चा शेवट 28 फेब्रुवारी 1983 ला दहा कोटींहून जास्त लोकांनी बघितला. युद्ध संपतं, सगळे घरी जातात, हेलिकॉप्टरमधून हॉकायला खाली दगडांनी लिहिलेला निरोप दिसतो. वरवर गोड शेवट. पण त्याच भागात हॉकाय मनोरुग्णालयात आहे. बसमध्ये शत्रूला आवाज जाऊ नये म्हणून आपण एका बाईला तिच्याजवळची कोंबडी गप्प करायला सांगितलं असं तो डॉक्टरला सांगत राहतो, आणि हळूहळू आठवतं की ती कोंबडी नव्हती, तिचं तान्हं मूल होतं. एवढं दाखवूनही त्याला घरी पाठवायची हिंमत अमेरिकन लेखकांनी केली. मला ही ‘मऊ’ बाजू वाटत नाही. मेलेल्यापेक्षा परतलेल्याचं ओझं त्यांनी दाखवलं.

---

अनवट

+१. हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

---

मधुमालती_क

छान चर्चा. मी यातलं फक्त अमेरिकन ‘ऑफिस’ बघितलंय, तेही मुलीमुळे. ब्रिटिश ‘ऑफिस’ सुरू केलं आणि दुसऱ्या भागाला बंद केलं, इतकं अवघडल्यासारखं झालं. पुन्हा प्रयत्न करावा का?

---

सुरंगी

नक्की करा, पण सलग बघू नका. रोज एकच भाग. ब्रेंटकडे सतत बघत बसलात तर दम लागेल. तो बडबडत असताना मागे टिम, डॉन आणि गॅरेथ काय करतात तिकडे लक्ष द्या, खरी गोष्ट तिथे चालू असते. पहिला सीझन झाला की मध्ये खुशाल आठवडा जाऊ द्या. आणि काहीही झालं तरी नाताळचे दोन भाग चुकवू नका. त्यात ब्रेंट एका अनोळखी बाईला भेटतो, ती त्याच्याशी साधेपणाने बोलते आणि तो पहिल्यांदाच कुणावर छाप पाडायचा प्रयत्न करत नाही. मग ज्या मित्राची तो आयुष्यभर हांजी हांजी करत आला, त्याला तो एका वाक्यात वाटेला लावतो. आधीचे बारा भाग सोसल्याशिवाय त्या वाक्याची किंमत कळत नाही.

---

वृंदा७१

आणि ज्यांना सोसवत नाही त्यांच्यासाठी: ‘डिटेक्टरिस्ट्स’ बघा. शेतांमध्ये धातुशोधक यंत्र घेऊन जुनी नाणी हुडकणारे दोन मित्र. ब्रिटिश ‘ऑफिस’मध्ये गॅरेथचं काम करणाऱ्या मॅकेंझी क्रूकनेच ती लिहिली आणि दिग्दर्शित केली आहे. अतिशय ब्रिटिश, आणि तरी एकाही माणसाचा पाणउतारा नाही. मधुमालती, तुम्ही मुलीसोबतच बघा, तिलाही आवडेल.